खिडकी नसलेली खोली



आमच्या आक्काचा धाकटा मुलगा बोटीवर नोकरी करतो. बोटीवर म्हटले की आपल्याकडची जुनी माणसे लगेच विचारतात, खलाशी आहे काय? खलाशी नाही. अमेरिकेतील मायामी बंदरातून कॅरिबियन बेटांकडे जी मोठमोठी प्रवासी जहाजे जातात, त्यांपैकी एका जहाजावर तो प्रवाशांच्या खोल्यांची निगा राखतो. बिछाने घालायचे, चादरी-टॉवेल बदलायचे, न्हाणीघर आणि संडास घासायचा, कचरा काढायचा. अशा एकोणीस खोल्या त्याच्याकडे आहेत आणि हे सर्व दिवसातून दोन वेळा करायचे. पगार डॉलरमध्ये मिळतो म्हणून वस्तीत त्याचे नाव झाले आहे. कंबर किती दुखते हे फक्त आक्काला ठाऊक.

मागे एकदा त्याने मोबाईलवर एक फोटो पाठविला. जहाजातील लहानशी खोली, आरशाभोवती बारीक पिवळ्या दिव्यांची माळ आणि दुसरी माळ पलंगाच्या कडेने खाली गेलेली. त्याखाली एवढेच लिहिले होते, "मामा, ही माळ मी लावली. सेलवर चालते."

तो फोटो मी कार्यालयात चहाच्या वेळेस दाखविला. आम्ही सगळेच हसलो. मीही त्याला उत्तर लिहून मोकळा झालो की, आठ दिवसांच्या खोलीला कसली रोषणाई? पैसा उतू चालला की माणसाला असले उद्योग सुचतात.

रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज जरा दुखावलेला वाटला. "मामा, त्या खोलीला खिडकी नाही. खिडकीवाली खोली महाग असते. ती आजी-आजोबा श्रीमंत नव्हती. माळ कशाला लावली ते तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं."

मी विचारले नव्हते हे खरे. समाजकार्यात वीस वर्षे घालविलेल्या माणसाने न विचारता शेरा मारावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. मग मी विचारले आणि त्याने सांगितले. ते तुम्हांला सांगावे असे वाटले म्हणून आजचा हा लेख.

अशा जहाजांत खोल्यांचे प्रकार असतात. सज्जा असलेली खोली, नुसती खिडकी असलेली खोली आणि आतली खोली. आतली खोली म्हणजे जहाजाच्या पोटातील. तिला समुद्र दिसत नाही, आकाश दिसत नाही. सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा तिचेच. क्षेत्रफळ साधारण १५० ते १८० चौरस फूट. वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हा आकडा पाठ असेल, कारण आपली चाळीतली खोली १६० चौरस फुटांचीच. त्या खोलीत आम्ही नऊ माणसे राहत होतो आणि जहाजावरच्या खोलीत दोघे असतात हा फरक आहेच. पण आमच्या खोलीला खिडकी होती आणि दार झोपेपर्यंत उघडे असे. जहाजावरील दार आपोआप बंद होते आणि दिवा मालवला की स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. पहाटेचे सहा आणि रात्रीचे दोन यांत तिथे काही फरक नाही. भाचा म्हणतो, तरुण माणसे त्या अंधारात मस्त झोपतात, दहा वाजले तरी उठत नाहीत. त्रास होतो तो म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना. रात्री लघवीला उठायचे तर दिशा कळत नाही, अनोळखी खोली, न्हाणीघराच्या दाराशी उंबरठा आणि त्यात पायाखालची जमीन हळूहळू डोलते आहे.

या आजोबांना एका डोळ्याने कमी दिसत होते. मागच्या एका सफरीत ते असेच रात्री उठले आणि उंबरठ्याला अडखळून पडले होते. मनगट मोडले. यंदा लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून दोघांनी पुन्हा पैसे साठवून तिकीट काढले. आजीने घरून निघताना नाताळात लावतात तशा दिव्यांच्या दोन माळा आणि एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड सामानात भरला. एक माळ आरशाला लावून पन्नासाव्या वाढदिवसाची सजावट करायची आणि दुसरी रात्रभर चालू ठेवायची, असा तिचा बेत. बंदरावर सामान यंत्रातून जाते. तिथे माळा आणि बोर्ड, दोन्ही काढून घेतले. पावती दिली आणि शेवटच्या दिवशी परत मिळतील असे सांगितले.

माझा भाचा संध्याकाळी खोलीत गेला तेव्हा आजी पलंगावर बसून रडत होती. तिने त्याला वीस डॉलरची नोट काढून दिली. म्हणाली, तू इथला माणूस आहेस, तुला कोण अडवणार? एक तरी माळ आणून दे, सकाळी मी काढून ठेवीन. त्याने हात मागे घेतला. ती रागावली. मग मी शेवटच्या दिवशी कागदावर लिहीन, म्हणाली, की इथल्या मुलाने काही मदत केली नाही.

वाचकांनो, त्या कागदाची किंमत काय असते ते समजून घ्या. प्रवासी उतरताना सेवेबद्दल मत लिहून देतात. करार काही महिन्यांचा असतो. तो संपला की पुढच्या कराराला बोलावायचे की नाही हे ठरविताना असले शेरे पाहिले जातात. आक्काच्या घराचा हप्ता त्या करारावर चालतो. आपल्याकडे कार्यालयात गोपनीय अहवाल असतो ना, तसेच समजा. फक्त इथे तो कोणीही आठ दिवसांचा पाहुणा लिहू शकतो.

मी त्याला विचारले, मग दिली का नाहीस माळ? कोणाला कळले असते?

तो म्हणाला, "मामा, बोटीवर जाण्याआधी आमचा कोर्स झाला. त्यात धुरानं भरलेल्या खोलीत सोडतात. काही दिसत नाही. हातानं भिंत चाचपत, गुडघ्यावर चालत बाहेर यायचं. ते एकदा केलं की माणूस वायरीशी खेळत नाही."

घरात आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो. भर समुद्रात पळायचे कोठे? ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेतील ओस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजाला रात्री आग लागली आणि १५९ माणसे मेली. त्यांतील बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने आणि विषारी वायूंनी मेली, कित्येक तर आपल्या खोलीतच. बोळांच्या भिंतींवरील तक्त्यांचा वरचा थर जळून तो विषारी वायू सुटला होता. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रातच 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या सज्ज्यांना आग लागली. सिगारेटचे न विझलेले थोटूक हे तिचे कारण असावे असा तपासाचा निष्कर्ष निघाला. सज्ज्यांतील प्लास्टिकच्या पडद्या आणि खुर्च्या पेटत गेल्या, शेकडो खोल्यांचे नुकसान झाले आणि धुराने एक प्रवासी दगावला. थोटूक केवढे आणि जहाज केवढे!

म्हणून मेणबत्ती, अगरबत्ती, इस्त्री, पाणी तापवायची किटली या वस्तू प्रवाशाला खोलीत नेऊ देत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डाचे आणखी एक कारण आहे. आपल्या घरात दोन तारांपैकी एक जिवंत असते आणि दुसरी, न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. पुष्कळ जहाजांवर दोन्हींपैकी एकही तार जहाजाच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली नसते, म्हणजे दोन्ही तारांत दाब असतो. विजेचा झटका अडवायची सोय असलेले जे बोर्ड घरासाठी बनतात, ते बिघाड झाल्यावर एकच तार तोडतात. दुसरी तशीच जिवंत राहते, बोर्ड तापतो, पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने याबद्दल २०१३ मध्ये धोक्याची सूचनाच काढली होती. भिंतीत खोचायची स्वस्त माळ पडद्यावर, बेडशीटवर टाकली, तिची एखादी तार सोललेली असली, तर काय होते ते आपण आपल्या वस्त्यांत सणासुदीला पाहिलेले आहे.

सेलवरच्या माळेचे तसे नाही. तिच्यात दीड-दीड व्होल्टचे दोन किंवा तीन पेन्सिल सेल असतात, म्हणजे सारे मिळून फार तर साडेचार व्होल्ट. बारीक तांब्याची तार आणि तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे एल.ई.डी. दिवे. हात लावला तरी गरम लागत नाहीत. भिंतीतील विजेशी तिचा संबंधच येत नाही. तरीही सर्व जहाज कंपन्यांचा नियम एक नाही. कोणी सेलवरची माळ चालू देते, कोणी कसलीही माळ नको म्हणते. भाच्याच्या जहाजावर तिला बंदी नव्हती, मात्र अधिकाऱ्याने काढा म्हटले की निमूट काढायची. नियमांची यादी तिकिटाबरोबरच मिळते. आपण लोक यादी वाचत नाही, हा आपला जुना दोष. मी कारकून असल्यामुळे वाचतो, एवढाच माझा मोठेपणा.

तर त्या रात्री भाच्याने न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे राहील अशी टॉवेलची घडी लावून दिली. पण तो पांढराफटक उजेड थेट आजीच्या तोंडावर येत होता. वरून पंख्याचा आवाज. दोघांना झोप नाही. खाली आपल्या खोलीत भाच्यालाही झोप नाही. कागदाचा विचार! सकाळी त्याने स्वतः जाऊन आपल्या वरिष्ठाला सर्व सांगितले. नोट दिली होती, घेतली नाही, हेही सांगितले. तो फिलिपिन्सचा माणूस, बारा-पंधरा वर्षे जहाजावर काढलेला. त्याने फक्त विचारले, आज जहाज कोठे लागते आहे? नासाऊला, बहामा बेटांवर. मग त्यांना सांग, बाजारातून सेलवरची माळ आणा, आणि तू लावून दे.

आजी दुपारी दोन माळा घेऊन आली. अजून रागातच होती म्हणे, पिशवी पलंगावर टाकून दिली.

लावायची कशी? जहाजाच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही. चिकटपट्टीने रंग निघतो आणि ती खरवडत बसायचे काम शेवटी सफाईच्या मुलाकडेच येते. पण वरून लाकूड दिसले तरी बहुतेक जहाजांवर खोलीच्या भिंती आतून पोलादाच्या असतात. लोहचुंबक चिकटतो. नेहमी सफर करणारी माणसे लोहचुंबकाचे आकडे घेऊन येतात आणि टोप्या, ओले कपडे, पिशव्या सर्व भिंतीला टांगतात. असे सात-आठ आकडे कोणी प्रवासी मागे टाकून गेला होता, ते साफसफाईच्या कोठीत पडून होते. वरिष्ठाला विचारून भाच्याने ते घेतले.

आणि इथे त्याने डोके चालविले. आजीच्या मनात माळ छताजवळ लावायची होती. छतात आगीच्या वेळी पाणी फवारणाऱ्या तोट्या असतात. त्यांना काहीही बांधायचे नाही, धूर ओळखणारे यंत्र झाकायचे नाही, दारातून तार बाहेर न्यायची नाही कारण ते दार आग अडविण्यासाठी घट्ट मिटायला हवे. हे झाले नियम. पण त्याने आजीला बाहेरच्या बोळात नेले आणि जमिनीलगत भिंतीवर गेलेली चमकती पट्टी दाखविली. 'स्कँडिनेव्हियन स्टार'च्या आगीनंतर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत जे बदल झाले, त्यांत ही जमिनीलगतची खूण आली. धूर वर चढतो आणि छताचे दिवे झाकून टाकतो. वाट दिसायची तर ती खालूनच दिसायला हवी. "आजी, आजोबांची वाटपण खालीच आहे," असे तो त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. मग एक माळ पलंगाच्या पायथ्यापासून भिंतीने गुडघ्याएवढ्या उंचीवरून न्हाणीघराच्या उंबरठ्यापर्यंत गेली. तार कोठेही पायाखाली येत नव्हती. सेलची डबी आकड्याला अडकवून बांधली, नाही तर जहाज डोलले की ती घसरत खाली येते. दुसरी माळ आरशाभोवती, आणि आजीने घरून कापून आणलेला पन्नासचा आकडा मधोमध. माझ्याकडे आला तो फोटो हाच.

त्या माळांच्या डबीवर एक कळ होती. ती दाबली की माळ सहा तास चालते, अठरा तास आपोआप बंद राहते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेस पुन्हा लागते. रात्री अकराला एकदा दाबली की रोज अकरा ते पाच. सेल सफर संपेपर्यंत पुरले. बाजारात माळ घेताना ही सोय आहे का ते जरूर पाहावे.

आपल्यापैकी कोण जहाजाच्या सफरीला निघाले आहे, असे तुम्ही म्हणाल. अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या बंदरातूनही गोव्याकडे, लक्षद्वीपकडे प्रवासी जहाजे निघाली आहेत. मुले कमावती झाली की आई-बापांना एकदा तरी नेतात, आणि नेतात ते बहुधा स्वस्तातल्या आतल्या खोलीत. तेव्हा म्हाताऱ्यांसाठी न्हाणीघराकडे एक लहानसा उजेड हवा हे लक्षात असावे. हृदयाचा पेसमेकर बसविलेल्या माणसाने लोहचुंबकाचे आकडे छातीजवळ आणू नयेत. डबीत जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. डबी उशीखाली घेऊन झोपू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र माता-भगिनींना मी हात जोडून सांगेन. काही माळांमध्ये आणि खोट्या मेणबत्त्यांमध्ये पेन्सिल सेल नसतो, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, चकचकीत सेल असतो. लहान मूल तो तोंडात घालते. घशात अडकला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका आतून भाजू लागते, आणि वरून काही दिसत नाही. उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि सेल गिळला असे स्पष्ट सांगा. घरात रांगते मूल असेल तर ज्या डबीचे झाकण स्क्रूने बंद होते तीच माळ घ्यावी. हे जहाजापुरते नाही, आपल्या घरांतही असल्या माळा आता भरपूर आल्या आहेत.

आठव्या दिवशी आजी-आजोबा उतरले. कागदावर आजीने काय लिहिले ते भाच्याला कळले नाही. तो कागद त्यांच्यापर्यंत येत नाही. खोली आवरायला गेला तेव्हा आरशाची माळ नव्हती, ती बरोबर नेली होती. उंबरठ्याकडची माळ आकड्यांसकट उशीवर ठेवलेली होती आणि वर चिठ्ठी, की ही या खोलीच्या मुलासाठी आहे. चिठ्ठी नसती तर ती घेता आली नसती, सापडलेली वस्तू म्हणून जमा करावी लागली असती. वीस डॉलर नव्हते. मी विचारले म्हणून त्याने सांगितले, आणि हसला.

जहाजावरची ही मुले स्वतः कोठे राहतात हे त्याने पूर्वी कधी सांगितले नव्हते. प्रवाशांच्या मजल्यांच्या खाली एक लांबच लांब बोळ असतो. अमेरिकेतील एका हमरस्त्याच्या नावावरून त्याला 'आय-पंच्याण्णव' म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना आणि खाली या लोकांच्या खोल्या. एकावर एक दोन बिछाने, एक कपाट, एक न्हाणीघर. खिडकी नाही. महिनोन् महिने! सोबतचा मुलगा इंडोनेशियाचा, त्याची पाळी वेगळी. एक झोपलेला असताना दुसऱ्याने दिवा लावायचा नाही. त्यामुळे गणवेश अंधारात घालायचा, बूट अंधारात शोधायचे.

चिठ्ठी आणि माळ घेऊन तो रीतसर परवानगी मागायला गेला. सुरक्षा अधिकाऱ्याने डबी उघडून सेल पाहिले, तार हाताने चाचपली आणि आपल्या बिछान्यापुरती लावायला हरकत नाही असे सांगितले. आता ती माळ त्याच्या बिछान्याच्या आतल्या कडेला, जमिनीकडे तोंड करून लावलेली आहे. सहा तासांची कळ तो वापरत नाही. उठल्यावर दहा मिनिटे लावतो, बूट बांधतो आणि बंद करतो, कारण जहाजावरच्या दुकानात सेल महाग पडतात.

हे सर्व मी आक्काला वाचून दाखविले. फोटोला मी हसलो होतो तेही सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या दुकानातून तिने पेन्सिल सेलची दोन पाकिटे आणली आणि मला विचारले, "अरे, कुरियरनं जातील का रे बोटीवर?"

मी म्हटले, बोट एका जागी कुठे असते? सुट्टीवर आला की नेईल.

ती पाकिटे तिने त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिली आहेत.